वेल्डची तपासणी: हाताने, धुऊन, यंत्राने की पुढच्या शटडाऊनला?

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या (1969) उकळत्या पाण्याच्या, तिसरी-चौथी जड पाण्याच्या. त्यामुळे कामगाराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या डोसची वाटही वेगळी. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) श्वासातून आणि कातडीतून आत शिरतं. छातीवरच्या, डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजला ते कळत नाही, लघवीच तपासावी लागते. जुन्या दोनमध्ये वाफ थेट टर्बाइनकडे जाते. वाफेतला किरणोत्सारी नायट्रोजन-16 भट्टी बंद केल्यावर काही मिनिटांत संपतो, पण पाइपच्या आत चिकटलेला कोबाल्ट-60 निम्मा व्हायला 5.27 वर्षं लागतात.

आता या जुन्या प्रकारच्या भट्टीत रीसर्क्युलेशन पाइपच्या (भट्टीतलं पाणी फिरवणाऱ्या) वेल्डमध्ये तडे शोधायचेत. हिशोबापुरतं धरू: जागेवर ताशी 1 मिलिसीव्हर्ट (डोसचं एकक), काम 60 माणूस-तासांचं.

हाताने केलं तर एकूण 60 माणूस-मिलिसीव्हर्ट. एका माणसाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20, कुठल्याही एका वर्षात 30. सहा जणांत वाटलं की प्रत्येकी 10, कागद स्वच्छ. पण माणसं वाढली की आत-बाहेर करण्यात आणि काम समजून घेण्यात तास वाढतात. प्रत्येकाचा आकडा उतरतो, एकूण डोस चढतो. कंत्राटी माणसं भरून मर्यादा सांभाळणं म्हणजे डोस कमी करणं नव्हे.

आधी रसायनाने धुतलं आणि किरणांचा मारा एक-पंचमांशावर उतरला तर तपासणीला 12, धुण्यालाच समजा 15, एकूण 27. म्हणजे साधारण 19 माणूस-तासांच्या पुढे धुणं परवडतं. त्याच पाइपवर 300 तासांची कामं असतील तर 300 विरुद्ध 75, मग विचारच नको. मात्र धुतलेला कोबाल्ट शोषून घेणारं वापरलेलं रेझिन हा नवा किरणोत्सारी कचरा. शिवाय धुतलेल्या उघड्या धातूवर नीट ऑक्साइडचा थर बसवला नाही, तर कोबाल्ट पुन्हा झपाट्याने चढतो.

रिमोट स्कॅनर बसवायला-काढायला 10 तास, म्हणजे 10. एकाच तपासणीसाठी आम्ही हाच घेऊ, पण मॉक-अपवर (पाइपच्या नकली प्रतिकृतीवर) सराव झाला असेल तरच. कोपऱ्यात अडकला तर सोडवायला माणसंच आत जातात, तीही घाईत.

पुढे ढकललं तर आज शून्य. दोन वर्षांनी 60 चे 46, तेही नवा कोबाल्ट साचला नाही तर. भट्टी चालू असताना तो साचतोच, आणि तडाही वाढतो.

खरी गल्लत वजन करताना होते. कामगाराचा डोस नक्की मिळणार, तडा सुटल्यास होणाऱ्या अपघाताचा फक्त शक्यतेने. प्रौढ कामगारांसाठी सीव्हर्टमागे कॅन्सरची 4.1 टक्के जोखीम हा आंतरराष्ट्रीय अंदाज धरला तर 60 माणूस-मिलिसीव्हर्टची हानी होते 0.0025 कॅन्सर. याच्यासमोर फक्त अपघातातला डोस मांडून चालत नाही. गावं उठणं, मासेमारी थांबणं हेही अपघाताच्या बाजूला मोजायचं. ‘कामगारांना डोस लागेल’ म्हणून तपासणी रद्द करा, असं कुणी म्हणालं तर स्कॅनर आणि धुणं दोन्ही तपासून पाहिलं का, हे आधी विचारावं.

जैतापूरसारख्या कागदावरच्या अणुवीज प्रकल्पाला अजून स्वस्त वाट आहे: व्हॉल्व्हच्या सीटवर कोबाल्टयुक्त स्टेलाइटऐवजी कमी कोबाल्टचा मिश्रधातू, आणि स्कॅनर फिरेल एवढी जागा पाइपभोवती.