क्रोनो ट्रिगर: तीस वर्षांनी पुन्हा खेळताना

क्रोनो ट्रिगर या व्हिडिओ गेममध्ये राजवाड्यात तुमच्यावर खटला उभा राहतो आणि मघाशी जत्रेत केलेल्या बारीकसारीक गोष्टी पुरावा म्हणून समोर येतात. टेबलावरचा म्हाताऱ्याचा डबा खाल्लात का? हरवलेलं मांजर मुलीकडे पोचवलंत का? मार्ल नावाची मुलगी तुमच्यावर आदळून पडली तेव्हा आधी तिची विचारपूस केलीत, की घरंगळलेलं लॉकेट उचलायला धावलात? सात पंच एकेक करून कौल देतात. निकाल काहीही लागो, कोठडी चुकत नाही. हे माहीत असूनही दुसऱ्या फेरीत त्या डब्याला हात लावायचा धीर होत नाही.

वेगवेगळ्या काळांत मागेपुढे प्रवास करायचा हा गेम जपानच्या स्क्वेअर कंपनीने 1995 मध्ये सुपर निन्टेन्डो या गेमयंत्रासाठी काढला. फायनल फॅन्टसी या गेममालिकेचे हिरोनोबु साकागुची, ड्रॅगन क्वेस्ट मालिकेचे युजी होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा अशी तिघांची मोट त्यासाठी बांधली गेली. बहुतेक संगीत यासुनोरी मित्सुदा यांचं. काम चालू असताना ते आजारी पडले, तेव्हा उरलेला भाग नोबुओ उएमात्सु यांनी पुरा केला.

आज तो पुन्हा खेळताना सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते ती काटकसर. त्या काळच्या बहुतेक रोल-प्लेइंग (पात्रांची भूमिका घेऊन खेळायच्या) गेममध्ये चार पावलं टाकली की पडदा बदलायचा आणि लढाई सुरू व्हायची. इथे शत्रू नकाशावर दिसतात आणि लढाई उभ्या जागीच जुंपते. काही ठिकाणी ते दबा धरून बसलेले असतात, ते टळत नाहीत, पण बऱ्याच जणांना वळसा घालता येतो. मुख्य कथा साधारण वीस तासांत संपते. लेव्हल, म्हणजे पात्रांची ताकद, वाढवण्यासाठी त्याच जंगलात गोल गोल फिरायची वेळ येत नाही.

लढाईतला खरा खेळ जागेचा आहे. सोबतच्या लुकाची आग एका रेषेत जाते, नायक क्रोनोचा सायक्लोन हा वार लक्ष्याच्या आजूबाजूच्यांनाही कापतो. शत्रू मात्र एका जागी थांबत नाहीत, म्हणून ते एकमेकांजवळ येईपर्यंत वार रोखून धरावा लागतो. आपली माणसं हवी तिथे हलवता येत नाहीत, ही उणीव तेव्हाही होती आणि आता जास्त खटकते. सेटिंगमध्ये ‘वेट’ निवडलं तर तंत्र (म्हणजे खास वार) किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत काळ थांबतो. नवख्यांनी तेच ठेवावं. दोघांची तंत्रं जोडायची तर दोघांचेही पाळीचे मीटर भरलेले लागतात. सायक्लोन आणि दुसरा सोबती फ्रॉग याचा स्लर्प कट जोडला की होणारा एक्स-स्ट्राइक लवकर हाती येतो आणि बराच काळ पुरतो. एका वेळी तिघंच लढतात; बाहेर बसलेल्यांना अनुभवाचे गुण मिळतात, पण तंत्राचे गुण मिळत नाहीत. एकाच तिघांवर भिस्त ठेवली की उरलेले पुढे पांगळे पडतात, त्यामुळे पार्टी (लढणारा गट) बदलत राहा.

अडायला होतं ते दोन-तीनच ठिकाणी. डायनोसॉर्सच्या काळातल्या निझबेल या बड्या शत्रूवर नुसती तलवार चालवून भागत नाही. आधी वीज टाकली की त्याचा बचाव ढासळतो. जादूगार मेगसचं कवच सारखं बदलतं आणि एका वेळी एकाच प्रकारची जादू लागू पडते. चुकीची टाकलीत तर फायदा त्याचाच. फ्रॉगला पार्टीत घ्या: मासामुने तलवारीचा प्रत्येक घाव मेगसचा जादूविरुद्धचा बचाव कमी करतो. कवचाचा खेळ थांबवून तो मोठ्या जादूची तयारी करू लागला की सगळ्यांचं आरोग्य भरून ठेवायचं आणि मगच तुटून पडायचं.

गेमचं सोनं उत्तरार्धातल्या उपकथांत आहे, कारण तिथे काळाचा प्रवास नुसत्या वाहतुकीपुरता उरत नाही. मून स्टोन नावाचा दगड इसवी सनापूर्वी 6,50,00,000 वर्षांच्या काळात उन्हात ठेवायचा आणि 2300 साली तेजाने भरलेला उचलायचा. पण 1000 साली तो जागेवर नसतो. पोरे गावच्या महापौराने तो घरी नेलेला असतो आणि तो काही केल्या देत नाही. उपाय चारशे वर्षं मागे आहे. 1000 सालच्या पोरेतल्या खानावळीतून गेममधल्या 9,900 पैशांना जर्की (सुकवलेलं मांस) घ्या, 600 सालात त्याच घरातल्या बाईला द्या आणि तिने पैसे देऊ केले तरी घेऊ नका. परत आल्यावर महापौर उदार झालेला असतो, कारण घराण्याचे संस्कारच बदललेले असतात. लुकाच्या आईच्या प्रसंगात यंत्र थांबवायचं तर आईचंच नाव, लारा, बटणांनी टाकायचं: एल, ए, आर, ए. लागलीच सुचलं नाही तर काय होतं, ते इथे सांगत नाही.

मार्लच्या लॉकेटने उघडणाऱ्या पेट्यांत बहुतेक जण फसतात. पेटी 600 सालात दिसली की लॉकेट चमकू द्या, पण आतली वस्तू घेऊ नका. 1000 सालात तीच पेटी उघडा, सुधारलेली वस्तू मिळेल. मग मागे जाऊन मूळ वस्तूही घ्या. आधी 600 ची उचललीत तर 1000 ची रिकामी सापडते. जत्रेत ‘गातो’ नावाच्या लढणाऱ्या यंत्राला हरवून मिळणारे चांदीचे पॉइंटही उधळू नका. एका विजयाला 15 मिळतात आणि पुढे एका महत्त्वाच्या वस्तूसाठी 40 लागतात.

मोटारसायकलची शर्यत रटाळ आहे, तेव्हाही होतीच. उपकथा पुऱ्या केल्यावर शेवट फार सोपा होतो, हीही तक्रार खरी.

आवृत्ती कोणती घ्यावी? प्लेस्टेशनची टाळा. तिच्यात ॲनिमेशनचे प्रसंग सुंदर आहेत, पण लढाई किंवा मेनू उघडताना डिस्क वाचण्यात जाणारा वेळ या गेमची लयच मारतो. निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या गेमयंत्रावरची 2008 ची आवृत्ती सगळ्यात सुटसुटीत, कारण मेनू खालच्या पडद्यावर जातो. भाषांतर नवं आणि नेमकं आहे. फ्रॉगची जुन्या इंग्रजीतली ऐट मात्र त्यात गेली. तसं बघितलं तर त्या काळातलं दुसरं कोणीच तसं बोलत नव्हतं, तरी चुकल्यासारखं वाटतं. तिच्यात वाढवलेला लॉस्ट सँक्टम भाग म्हणजे नुसत्या चकरा आहेत, खुशाल सोडा. 2018 ची स्टीम (संगणकावरचं गेमचं ऑनलाइन दुकान) आवृत्ती पुसट चित्रं आणि मोबाइलछाप मेनूंसह आली होती. पुढच्या अपडेटनी ती सुधारली आहे. सेटिंगमध्ये चित्रांचा मूळ पर्याय आधी निवडा.

एकदा गेम संपवला की न्यू गेम प्लस उघडतो. लेव्हल, तंत्रं आणि शस्त्रं सोबत येतात, पैसे आणि कथेच्या वस्तू येत नाहीत. जत्रेत लुकाच्या यंत्राच्या उजव्या चौथऱ्यावर चमक दिसेल. तिथून थेट लावोस या शेवटच्या शत्रूसमोर जाता येतं आणि त्याला कधी हरवता त्यावर शेवट बदलतो. अगदी सुरुवातीलाच जिंकलात तर गेम बनवणारी मंडळीच तुम्हाला भेटायला उभी असतात.