बागकाम आणि दंडावरचा ग्लुकोज सेन्सर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

मधुमेहींच्या दंडावर चिकटवलेला, साखर सतत मोजून फोनवर दाखवणारा १४ दिवसांचा सेन्सर सलग सहा महिने लावला म्हणजे साधारण तेरा सेन्सर होतात. एवढ्या वापरानंतर मत असं झालं आहे की रात्रीसाठी आणि कामाला उतरण्याआधीच्या निर्णयासाठी हे यंत्र आपली किंमत वसूल करून देतं. हातात कुदळ असताना मात्र त्याच्या आकड्यावर विसंबू नये. तेव्हा पाहायचा तो आकड्याशेजारचा बाण.

बागकामाची खरी अडचण ही की त्याला कोणी व्यायाम समजत नाही. फिरायला जाताना वेळ आणि अंतर ठरलेलं असतं. बागेत 'दोन कुंड्या बदलून येतो' म्हणून माणूस उतरतो आणि दीड तास वाफा खणून वर येतो. शिवाय एकाच तासात हलकं आणि जड काम मिसळलेलं असतं. झारीने पाणी घालताना ग्राफची रेष जवळपास हलत नाही. बसून तण काढणं हे मध्यम काम. खणणं, कंपोस्ट उलटंपालटं करणं, मातीची घमेली वाहणं हा मात्र चांगलाच दमवणारा व्यायाम, आणि रेष अर्ध्या तासाच्या आतच झुकलेली दिसू शकते. कामाला लागलेले स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. त्यात अंगात टोचलेलं इन्सुलिन असेल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी असेल, तर साखर दोन्हीकडून खेचली जाते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना शुगर घसरण्याची भीती फारशी नसते. त्यांनी केवळ बागेसाठी कायमचा सेन्सर लावण्यात अर्थ नाही. अधूनमधून एखादा लावून कोणतं काम आपल्या अंगाला किती लागतं, हे पाहिलं तरी पुरे.

सेन्सरची बारीक तार रक्तवाहिनीत नसते, त्वचेखालच्या द्रवात असते. शुगर स्थिर असताना याने काही बिघडत नाही. शुगर वेगाने उतरत असली की सेन्सर ५ ते १५ मिनिटं मागे राहतो. बहुतेक यंत्रांत आडवा बाण म्हणजे मिनिटाला १ पेक्षा कमी फरक (शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये), तिरका म्हणजे १ ते २, आणि सरळ खाली म्हणजे २ पेक्षा जास्त. आता हिशेब करा : स्क्रीनवर ९५, बाण सरळ खाली, सेन्सर १० मिनिटं मागे. म्हणजे रक्तात ७५ किंवा त्याहून कमी असणार, आणि 'एवढी ओळ संपवून बसतो' म्हणेपर्यंत ७० च्या खाली. ९५ हा आकडा चांगला दिसतो म्हणूनच फसवतो.

हाच उशीर उलट्या बाजूनेही गोत्यात आणतो. शुगर ७० खाली गेली म्हणून १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं, तर रक्तात ती चढू लागलेली असते आणि स्क्रीन अजून ६२ दाखवत असते. घाबरून आणखी खाल्लं, पुन्हा खाल्लं, की दोन तासांनी २५० ठरलेले. १५ ग्रॅम घ्या, १५ मिनिटं बसा, मग बोट टोचून पाहा. इथे सेन्सरचं ऐकू नका.

उतरण्याआधी काय पाहायचं, ते इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांसाठी. शुगर ९० च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जाऊ द्यावीत आणि रेष वळल्याशिवाय कुदळ उचलू नये. ९० ते १५० मध्ये आडवा बाण असेल तर छाटणी, पाणी, रोपं लावणं बिनधास्त. खणायचं असेल तर १० ते २० ग्रॅम खाऊन जावं. तिरका खाली बाण असेल तर आकडा आहे त्यापेक्षा वीसेक कमीच धरावा. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच न होणारा मधुमेह) असेल आणि शुगर २५० च्या वर असेल तर आधी कीटोन (चरबी जळताना रक्तात साठणारी आम्लं) तपासावेत. कीटोन असतील तर त्या दिवशी कष्टाचं काम नको, कारण इन्सुलिन कमी पडत असताना श्रम केल्याने शुगर आणि कीटोन दोन्ही आणखी चढतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असतील तर शुगर फार चढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात आणि लघवीवाटे पाणीही जास्त जातं. त्यामुळे उन्हात काम करताना पाण्याची बाटली शेजारीच हवी.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे जलद इन्सुलिन किती वेळापूर्वी घेतलं. दोन तासांच्या आत घेतलं असेल तर ते ऐन जोरात असतं. अशा वेळी मांडीत टोचून लगेच खणायला जाणं टाळावं. राबणाऱ्या भागात रक्त जास्त खेळतं आणि इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर मुरतं. पोटावर टोचलेलं त्या मानाने बरं. डोस किती कमी करायचा, हे दोन-तीन आठवड्यांचे ग्राफ डॉक्टरांसमोर ठेवून ठरवावं. अंदाजाने कापाकापी करण्याचा हा विषय नाही. दुसरीकडे, जेवणानंतर १५-२० मिनिटं हलकं तण काढलं की जेवणानंतरचा चढ किती बसका होतो, ते ग्राफवर पाहण्यासारखं असतं.

अलार्म वाजत नाही तेव्हा

अलार्म न वाजण्याची कारणं बहुधा सेन्सरमध्ये नसतात, फोनमध्ये असतात. ब्लूटूथचा पल्ला यंत्रानुसार ६ ते १० मीटर, तोही मध्ये भिंत नसेल तर. फोन घरात ठेवून मागच्या वाफ्यात गेलं की सिग्नल तुटतो आणि कमी शुगरचा इशारा येतच नाही. फोन अंगावरच हवा, शक्यतो सेन्सरच्या बाजूच्या खिशात, कारण आपलं शरीरही सिग्नल अडवतं. उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो, तोही गुपचूप. नुसत्या कंपनावर ठेवला तर खणताना कळत नाही, आवाज मोठा ठेवावा. कारखान्यातून येणारी ७० ची मर्यादा बागेसाठी उशिराची आहे, कामाच्या वेळी ती ८५-९० वर आणावी. फोन जवळ नेऊन स्कॅन करावं लागणारा आणि स्वतःहून इशारा न देणारा जुना प्रकार बागेसाठी घेऊच नये.

अलार्मची सर्वात जास्त गरज कोणाला, तर रक्तदाब किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना. या गोळ्यांनी हात थरथरणं, छाती धडधडणं ही शुगर उतरल्याची लक्षणं झाकली जातात. घाम तेवढा येतो, पण बागेत घाम उन्हाचा की शुगरचा हे कोण सांगणार?

खिशात ग्लुकोजच्या गोळ्याच ठेवाव्यात. ४ ग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे १६ ग्रॅम. पुडी नको, ती घामाने भिजते आणि मातीच्या हाताने उघडत नाही. फिरकीच्या झाकणाची छोटी डबी उत्तम. चॉकलेट आणि बिस्किटातल्या तुपातेलामुळे साखर सावकाश मुरते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची औषधं चालू असतील तर साधी साखर, सरबत यांचा लवकर उपयोग होत नाही, कारण साखरेचे तुकडे करणारं आतड्यातलं पाचकद्रव्यच ही औषधं अडवतात. त्यांना शुद्ध ग्लुकोजच लागतं.

बोट टोचणं सुटत नाही

सेन्सर असला तरी ग्लुकोमीटर लागतोच, आणि बागेत त्याची एक खास फसवणूक आहे. फळं तोडल्यावर, सोलल्यावर बोटाला लागलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि शुगर आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर अनर्थ. सॅनिटायझर किंवा स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर पूर्ण जात नाही. साबणपाण्याने धुऊन, कोरडं करून टोचावं. पाणी हाताशी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. ही दुसऱ्या क्रमांकाची सोय झाली, धुण्याला पर्याय नव्हे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी अवजारांच्या खोलीत ठेवू नका. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच टिकतात आणि झाकण उघडं राहिलं तर दमटपणाने बिघडतात. इन्सुलिनचं पेनही तसंच. उघडलेलं पेन साधारण ४ आठवडे चालतं, पण ३० अंशांच्या आत आणि उन्हापासून दूर.

चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांची सूट असते. त्यामुळे सेन्सर १४० आणि मीटर १२५ म्हणाला, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अंगातली लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तेव्हाच शंका घ्यावी. काही सेन्सर दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व घेतल्यास खोटा चढा आकडा दाखवतात, हेही तपासून घ्यावं.

चिकटणं आणि सुटणं

वेलींचा मांडव, काटेरी फांद्या, खांद्यावरचं पोतं, घामाने ओला शर्ट ओढून काढणं : सेन्सर मुदतीआधी सुटतो तो असा. ज्या खांद्यावर ओझं घेता त्याच्या विरुद्ध दंडावर, मागच्या मऊ भागात लावा. तेल किंवा क्रीम नसलेल्या साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घाई नेमकी या वाळण्यात होते. वरून लावायची पट्टी पहिल्याच दिवशी लावावी, कडा उचकटल्यावर लावून ती टिकत नाही. मात्र काही सेन्सरच्या मध्यभागी बारीक छिद्र असतं, ते झाकू नये. पहिल्या दिवशी आकडे चंचल असतात, म्हणून खणण्याच्या आदल्या संध्याकाळी नवा सेन्सर लावू नये, एक दिवस आणखी आधी लावावा.

डास पळवणाऱ्या मलमांनी आणि सनस्क्रीनने काही सेन्सरच्या प्लास्टिकला तडे जातात. ही मलमं हाताला चोळताना सेन्सरच्या आसपासची जागा सोडावी आणि मग हात धुवावेत. नळीच्या पाण्याने काही होत नाही. पट्टीच्या अगदी आकाराची लाल, खाजरी जागा उमटली तर ते घामोळं नाही, चिकटद्रव्याची ॲलर्जी आहे. जागा बदलून ती जात नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून दुसरा प्रकार शोधावा लागतो.

रात्र

सेन्सरची किंमत वसूल होते ती इथे. जड खणकामानंतर स्नायू आपला रिकामा साठा पुन्हा भरत राहतात, त्यामुळे शुगर पुढचे २४ तासही घसरू शकते. बोट टोचून हे सापडत नाही, पहाटे तीनला कोण उठणार? खणल्याच्या दिवशी झोपताना अलार्म ८० वर ठेवावा आणि शुगर १०० च्या आत किंवा बाण खाली असेल तर थोडं खाऊन झोपावं.

पण रात्रीच खोटे इशारेही येतात. सेन्सरवर कुशी दाबली गेली की तिथला द्रव अडतो आणि आकडा कोसळतो. ग्राफवर दोन्ही ओळखता येतात. दाबामुळे आलेली घसरण कड्यासारखी उभी असते आणि कूस बदलली की तशीच उभी परत वर येते. खरी घसरण बहुधा तासाभरात उतारासारखी येते आणि खाल्ल्याशिवाय सहसा वळत नाही. जाग आली तर आधी कूस बदला, बोट टोचा, मग डबी उघडा. मात्र लक्षणं जाणवत असतील तर तपासत बसू नका, आधी ग्लुकोज घ्या.

पायाबद्दल हे यंत्र काहीच सांगत नाही, आणि आकड्यांच्या नादात पाय विसरले जातात. नसांची जाणीव कमी झालेल्या पायात काटा मोडला तरी कळत नाही. बंद बूट घालावेत, घालण्याआधी ते उलटे करून झटकावेत आणि आत हात फिरवावा. मोजे फिक्या रंगाचे असले की रक्ताचा डाग लगेच दिसतो. काम संपल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच, दर १० वर्षांनी लशीचा बूस्टर घ्यावा.

अ‍ॅपमधल्या नोंदीत 'व्यायाम' एवढंच लिहू नका. 'खणणं, ४० मिनिटं, सकाळी, जेवणानंतर एक तासाने' असं लिहा. डॉक्टर अहवालात सहसा ७० ते १८० मधला वेळ ७० टक्क्यांच्या वर आणि ७० खालचा ४ टक्क्यांच्या आत पाहतात. वृद्धांसाठी ७० खालचा वेळ १ टक्क्याच्या आत ठेवतात, कारण पडण्याची भीती. नोंद असेल तर तो खालचा वेळ कुदळीमुळे आला की डोसमुळे, हे एका नजरेत कळतं.

संपलेला सेन्सर आणि तो लावायचं सुईचं साधन घरच्या ओल्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. कंपोस्ट हाताने उलटताना ती सुई आपल्याच बोटात जाते. जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवून दवाखान्यात द्या. सेन्सरमध्ये छोटी बॅटरी असते, म्हणून तो वेगळा ठेवा.