कॉल येईपर्यंत: सीईटी, कॅट की परदेशी एमबीए?

गणपतीत आत्याकडे मोदक खाताना आतेभावाने विचारलं, "ताई, कॅट देऊ, सीईटी देऊ की सरळ जीमॅट?" कॅट म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, सीईटी महाराष्ट्रातल्या कॉलेजांची, आणि जीमॅट परदेशी एमबीएसाठीची. तो ऐरोलीला आयटीत आहे, दोन वर्षं झाली, घर मुलुंडला. कुठली संस्था वरची, कुठे पॅकेज किती, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण या तिन्ही रांगांत मी उभी राहिले आहे. पदवीनंतर एकाच वर्षी सीईटी आणि कॅट दिल्या, आणि चार वर्षांनी नोकरी करता करता परदेशी अर्ज केले. अभ्यास कसा करायचा हे सांगणारे क्लासेस दादरपासून ठाण्यापर्यंत गल्लोगल्ली आहेत. अर्ज गेल्यानंतरचे सहा-आठ महिने कसे जातात, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि तिन्ही वाटांमधला खरा फरक मला तिथेच दिसला. म्हणून ही तुलना फक्त त्या महिन्यांची.

शांततेचा अर्थ लागतो का?

सीईटीच्या कॅप (सरकारच्या सामायिक फेऱ्यांच्या) प्रवेशात मुलाखतच नाही. चर्चगेटचं जमनालाल बजाज घ्या, १९६५ सालची संस्था. तिथे एमएमएसला (एमबीएसारख्याच पदवीला) जायला कुणासमोर बसून छाप पाडावी लागत नाही. पर्सेंटाइल आला, प्रवर्ग आणि विद्यापीठाचा कोटा ठरला, ऑप्शन फॉर्म भरला की पुढचं काम संगणकाचं. आधीच्या वर्षांचे कटऑफ उघड असतात, त्यामुळे निकालाच्या संध्याकाळीच आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बऱ्यापैकी कळतं. मग वाट कशाची? सरकारी वेळापत्रकाची. २०२४ ची सीईटी ९ ते ११ मार्चला झाली आणि प्रवेशफेऱ्या पार पावसाळ्यात गेल्या. मधल्या काळात कामही कागदांचंच: डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता, ईडब्ल्यूएस, गुणपत्रिकेवरच्या नावाचं स्पेलिंग. रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलीकडे नॉन-क्रिमीलेयर होतं, पण मुदत ३१ मार्चलाच संपलेली. कागद तपासणाऱ्या केंद्राच्या (एफसीच्या) खिडकीवर तिचं रडू मी पाहिलं आहे. तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पहिली फेरी. इथे मन खचत नाही, चपला झिजतात.

कॅटची वाट अर्धी गणिती, अर्धी माणसांच्या हातात. आयआयएम आपापले शॉर्टलिस्टचे निकष जाहीर करतात. अहमदाबाद दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि अनुभव धरतं. बंगळुरूही दहावी-बारावीला वजन देतं. त्यामुळे पर्सेंटाइल हातात आल्यावर एक्सेल उघडून कॉल, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, येईल की नाही याचा अंदाज घरीच बांधता येतो. नव्याण्णव पर्सेंटाइल मिळूनही हव्या त्या संस्थेचा कॉल न आलेली मुलं या शहरात शेकड्यांनी सापडतील, आणि बहुतेकांचं कारण बारावीच्या मार्कशीटवर असतं. माझंही तेच होतं. बारावीत मला केमिस्ट्रीने दिलेला दणका मी विसरले होते, आयआयएम विसरलं नव्हतं. पण निदान कारण कळलं, आणि त्या रात्री झोप लागली.

कॉल आला की गणित संपतं. अहमदाबादला लेखी विश्लेषण आणि मुलाखत, बंगळुरूला लेखी चाचणी आणि मुलाखत. समोर दोघं-तिघं प्राध्यापक, पंधरा-वीस मिनिटं, आणि पदवीच्या विषयावरचा एखादा प्रश्न असा की चौथ्या सेमिस्टरच्या मास्तरांची आठवण यावी. मी इलेक्ट्रॉनिक्सची. मला फूरियर विचारलं आणि त्यानंतर लोकलच्या गर्दीवर उपाय. दुसऱ्या प्रश्नावर मी इतकी बोलले की पहिला ते विसरले असावेत, अशी माझी समजूत आहे. खरं काय ते निकालापर्यंत कळायला मार्ग नसतो.

अंधेरीचं एसपीजेआयएमआर आयआयएम आणि परदेशी शाळांच्या मधे बसतं. तिथे कॅटचा निकाल लागायच्या आधीच काहींना प्रोफाइलच्या जोरावर कॉल येतो, आणि मुलाखतीही गटाने होतात. दहावी-बारावीत मार खाल्लेला पण आयुष्यात काही वेगळं केलेला मुलगा असेल, तर हा फॉर्म मी आधी भरायला सांगेन.

परदेशी शाळांचं खातं वेगळंच. निबंध, शिफारसपत्रं, रेझ्युमे, जीमॅट, सगळं एकत्र तोलतात. कशाला किती वजन ते सांगत नाहीत. त्यामुळे एक्सेल बंद करायचं. पण सगळ्या परदेशी शाळा सारख्याच अंधारात ठेवतात, हा समज चुकीचा आहे, आणि निवड करताना नेमका हाच फरक कामाला येतो. व्हार्टन मुलाखतीची बोलावणी एकाच दिवशी पाठवतं. त्या रात्री मेल आला नाही तर उत्तर मिळालं. हार्वर्डही ठरलेल्या तारखांना बोलावतं, आणि निवड न झालेल्या बऱ्याच जणांना अंतिम निकालाची वाट न बघायला लावता मोकळं करतं. स्टॅनफर्ड मात्र निकालाच्या तोंडापर्यंत थोडी थोडी बोलावणी पाठवत राहतं. कुणाला आधी, कुणाला शेवटी, आणि त्या क्रमाला काही अर्थ नाही असं ते स्वतः सांगतात. म्हणजे व्हार्टनची शांतता वाचता येते, स्टॅनफर्डची नाही. ज्याला दर दहा मिनिटांनी मेल बघायची सवय आहे, त्याने स्टॅनफर्डचा अर्ज केल्यावर फोनचं नोटिफिकेशन बंद करावं.

मुलाखतीतही फरक आहे. हार्वर्डला अर्धा तास, समोरच्याने तुमचा अख्खा अर्ज वाचलेला असतो. स्टॅनफर्डला बहुधा माजी विद्यार्थी भेटतो आणि त्याच्या हातात फक्त रेझ्युमे. व्हार्टनला पाच-सहा जणांची गटचर्चा, आणि नंतर थोडा वेळ एकट्याशी गप्पा. इन्सियाडला दोन माजी विद्यार्थ्यांना वेगवेगळं भेटायचं. माझी एक भेट लोअर परळच्या कॅफेत झाली. त्यांनी फूरियर नाही विचारला. "तुझ्या टीममधल्या माणसाशी तुझं शेवटचं भांडण कधी झालं?" एवढंच विचारलं, आणि मग वीस मिनिटं माझं उत्तर उकरत राहिले.

कुठल्या महिन्यात, किती वाजता

कॅट नोव्हेंबरच्या अखेरीच्या रविवारी असते. २०२४ ची २४ नोव्हेंबरला झाली आणि निकाल १९ डिसेंबरला लागला. त्यानंतर नाताळ ते संक्रांत कॉल येत राहतात, फेब्रुवारी-मार्च मुलाखती, एप्रिल-मे निकाल. म्हणजे वाट चार-पाच तुकड्यांत मिळते आणि प्रत्येक तुकड्याला शेवट असतो. घरच्यांनाही ते समजतं. "कॉल आला का?" नंतर "इंटरव्ह्यू कधी?" नंतर "झालं का कन्व्हर्ट?" प्रश्न बदलत राहतात, हीसुद्धा सोयच.

अमेरिकी शाळांमध्ये आर-वनचे, म्हणजे पहिल्या फेरीचे अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीपासून, निकाल डिसेंबरमध्ये. आर-टूचे जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर. अर्ज गेला की दीड-दोन महिने काहीच घडत नाही. घरात कुणी विचारलं की "बघताहेत" एवढंच सांगायचं. आईने तर शेजारच्या काकूंना "तिचं अमेरिकेला चाललंय" असं सांगून ठेवलं होतं. काय चाललंय ते काकूंनीही विचारलं नाही.

आणि वेळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे बारा म्हणजे इथली रात्र. ऑक्टोबरमध्ये साडेनऊ, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि आपल्याकडे साडेदहा होतात. आर-टूच्या बोलावण्याच्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसात थांबले, मग कंटाळून निघाले, आणि घाटकोपर आणि विक्रोळीच्या मधे स्लो गाडी सिग्नलला उभी असताना मेल आला. नेटवर्क नव्हतं. विषय दिसत होता, आतला मजकूर उघडत नव्हता. कांजूरमार्गला उघडला. एवढ्यासाठी सल्ला: त्या दिवशी घरी वायफायपाशी बसा. कॅटचा निकाल बघताना साइट अडकते, पण निदान सगळ्यांची एकदमच अडकते.

वेटलिस्ट

सीईटीला वेटलिस्ट अशी नसतेच, फेऱ्या असतात. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, नाही मिळाली तर पुढच्या फेरीत वर सरकण्याची आशा. जोखीम ऑप्शन फॉर्ममध्ये आहे: जायचंच नाही असं कॉलेज "असू दे" म्हणून वर टाकलं की ते मिळतं.

आयआयएमची वेटलिस्ट क्रमांकाची असते. तुम्ही किती नंबरवर आहात, आधीच्या वर्षी यादी कुठवर सरकली, वरची मुलं कुठे गेली की जागा सुटते, याचा हिशेब मे-जूनमध्ये सगळे करतात. मी त्या रांगेत होते. यादी माझ्या सतरा नंबर आधी थांबली. वाईट वाटलं, पण सतरा हा आकडा आहे, तो सांगता येतो.

परदेशी वेटलिस्टला बहुतेक ठिकाणी क्रमांकच नसतो. वर्गात कोणत्या प्रकारचा माणूस कमी पडतोय यावर कुणाला उचलायचं ते ठरतं. काही शाळा नवी माहिती घेतात, म्हणजे बढती, जीमॅटचा सुधारलेला स्कोअर, "अजूनही यायचं आहे" असं पत्र. काही स्पष्ट सांगतात, काही पाठवू नका. ती सूचना अक्षरशः पाळायची. मला एका शाळेने एप्रिलपासून जुलैपर्यंत ठेवलं. दर महिन्याला "तुम्ही अजून यादीत आहात" असा मेल, आणि जुलैच्या शेवटी नकार. तोवर दुसऱ्या शाळेची जागा मी घेतली होती आणि डिपॉझिट भरलं होतं, म्हणून निभावलं. डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. वेटलिस्टवर डोळे लावून हातची जागा सोडणारे मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल बोलवत नाही.

नोटीस, पैसे, आणि पुन्हा देता येतं का

नोकरी करणाऱ्यासाठी इथेच गाडी अडते. नव्वद दिवसांची नोटीस असेल आणि आयआयएमचा निकाल मे महिन्यात लागला, तर जूनमध्ये वर्ग सुरू होताना तुम्ही अजून हँडओव्हर देत असता. बायआउटचे (नोटीस पुरी न करता सुटण्याचे) पैसे बाजूला ठेवावे लागतात, किंवा मॅनेजरशी आधीपासून गोड राहावं लागतं. सीईटीत उलटं, वेळ भरपूर, पण वर्ग नक्की कधी सुरू होणार ते कळत नसल्यामुळे राजीनाम्याची तारीख टाकता येत नाही. आर-वनला डिसेंबरात निकाल, ऑगस्टमध्ये वर्ग. नोटीस, कर्ज, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी शाळेकडून येणारा कागद), बीकेसीला व्हिसाची मुलाखत, सगळं बसतं. आर-टूला बसतं, पण धाप लागते. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचे (इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे) वर्ग अमेरिकेपेक्षा लवकर सुरू होतात, म्हणून तिथे पहिल्या फेरीतच अर्ज केलेला बरा.

पैशांत तुलनाच नाही. कॅटचा फॉर्म २०२४ मध्ये अडीच हजारांचा होता (एससी, एसटी आणि दिव्यांगांना १२५०), आणि त्यात सगळी आयआयएम आली. जीमॅट केंद्रावर तेव्हा २७५ डॉलर, वर प्रत्येक अमेरिकी शाळेचा अर्ज अडीचशे डॉलरच्या आसपास. पाच शाळा म्हणजे नुसतं दार वाजवायला लाखाच्या वर. आत गेल्यावर हार्वर्डची २०२४-२५ ची फक्त शिकवणी ७६,४१० डॉलर.

पण एक गोष्ट परदेशाच्या बाजूने मोठी आहे. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो. कॅट आणि सीईटीचा त्या वर्षापुरता. डिंग झालं, म्हणजे नकार आला, तर पुढच्या सप्टेंबरला तोच स्कोअर घेऊन, सुधारलेले निबंध घेऊन परत उभं राहता येतं. कॅटला पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा तो सकाळचा स्लॉट की संध्याकाळचा हा जुगार.

मग आतेभावाने काय करावं

त्याचे दहावी-बारावी दोन्ही नव्वदच्या वर, वडिलांचं गृहकर्ज अजून सहा वर्षं, आणि स्वभाव असा की डिलिव्हरीवाल्याचा ठिपका नकाशावर हलला नाही तर फोन करतो. त्याला मी कॅट सांगितली. त्याचं गणित बसतं आणि तुकड्यातुकड्यांची वाट त्याला झेपेल. सोबत सीईटी द्यायचीच, कारण बजाजची फी आयआयएमच्या मानाने फार कमी आहे आणि रोज मुलुंडहून जाता येतं. दाखले आत्ताच काढायला लावले. जीमॅट तीन वर्षांनी, बढती मिळाल्यावर, आणि तेव्हाही आर-वनलाच.

त्याच्या जागी बारावीत साठ-पासष्ट टक्के मिळवलेला, पण कामात दोन वर्षांत टीम सांभाळणारा कुणी असता, तर मी क्रम उलटा केला असता: आधी एसपीजेआयएमआर आणि आयएसबी, जीमॅट लगेच, कॅट जमलं तर.

त्याने कॅटचा फॉर्म भरला. आत्याला मी सांगून ठेवलं, मे महिन्यापर्यंत त्याला काही विचारायचं नाही. काल तिचा फोन आला, "मे म्हणजे सुरुवातीला की शेवटाला गं?"