लुसियाच्या सहा कादंबऱ्या, एकच जाडजूड खंड: आठ महिन्यांनंतर

ई. एफ. बेन्सन या इंग्रज लेखकाच्या लुसिया-कादंबऱ्यांचा हा खंड घेतला जूनमध्ये, अकराशे पन्नास रुपयांना. सप्टेंबरच्या एका रात्री कणा कडकन वाजला आणि त्यातल्या ‘मिस मॅप’ या कादंबरीची तीसेक पानं मांडीवर आली. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परतीची मुदत दहा दिवस, शिवाय पुस्तक ‘वापरलेलं’ आहे. पुस्तक वापरायचं नाही तर काय करायचं? चार मेल झाल्या, पाचवीला उत्तरच नाही. तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते.

लुसिया म्हणजे या विनोदी कादंबऱ्यांतली, गावात आपलाच मान राहावा म्हणून धडपडणारी इंग्रज बाई. ‘क्वीन लुसिया’ १९२०ची आणि शेवटची ‘ट्रबल फॉर लुसिया’ १९३९ची. म्हणजे एकोणीस वर्षांत सहा पुस्तकं, आणि त्यांत घडतं काय तर कोणी कोणाला जेवायला बोलावलं आणि कोणाला वगळलं. पहिली साठ पानं वाचून मी नवऱ्याला म्हटलं होतं की पैसे पाण्यात गेले. रायझहोम नावाचं खेडं, तिथे शेक्सपिअरच्या नाटकांवरून खोल्यांना नावं देणारी ही बाई, ती बेथोवेनच्या ‘मूनलाइट सोनाटा’चा पहिला भाग तेवढा पियानोवर वाजवते, कारण पुढचे अवघड आहेत. बरं, मग?

मग गुरू आला.

शेजारीण डेझी क्वांटॉक एक भारतीय योगी घरी आणते. तो म्हणे काशीचा ब्राह्मण. डेझी एक नाकपुडी दाबून श्वास घेत बसते, आणि सगळ्या गावाला कळतं की हिच्याकडे काहीतरी नवीन आहे. लुसियाला ते कसं सहन होणार? ती गुरूला अलगद आपल्या घरी राहायला नेते आणि योगाचे वर्ग सुरू करते. माझे वडील रोज पहाटे संध्येला बसायचे तेव्हा उजवी नाकपुडी अंगठ्याने दाबून डोळे मिटायचे. आम्ही पोरं त्या वेळी कपबशीचाही आवाज करत नसू. त्यामुळे ही पानं पहिल्यांदा वाचताना मला रागच आला. पुढे कळतं की हा गुरू लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहात करी करणारा आचारी, आणि जाताना तो गावातल्या मौल्यवान वस्तूही उचलून नेतो. त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

नोव्हेंबरमध्ये तीच प्रकरणं पुन्हा वाचली आणि मत बदललं. तो पहिल्याच दिवसांत स्वयंपाकघरात शिरून उत्तम करी करतो, सगळे बोटं चाटत खातात, आणि तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडत नाही. पूर्वेकडचा माणूस म्हणजे ज्ञानीच असणार, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलंय. चोरी उघडकीला येते तेव्हाही पोलिसात कोणी जात नाही, कारण गेलं तर आपण फसलो हे गावाला कळेल. हे इतकं खरं आहे की मला आमच्या सोसायटीतली दोन घरं आठवली. त्याला चोर करायची गरज नव्हती, असं मला अजूनही वाटतं. आचारी म्हणून पळून गेला असता तरी गोष्ट तेवढीच हसवली असती.

आता बाइंडिंग. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांकडे पुस्तक नेलं. त्यांनी कणा उलटा करून दाखवला: “ताई, हे फॉर्म नाहीत. सगळी सुटी पानं कापून नुसती चिकटवलीत. मधून शिवता येणार नाही, बाजूनेच टाके घालावे लागतील.” फॉर्म म्हणजे घडी घातलेले पानांचे गठ्ठे. १८० रुपये घेतले, काम चोख केलं, पण बाजूच्या टाक्यांनी आतला समास गिळला. मुळात तो होता जेमतेम सव्वा सेंटिमीटर! आता डाव्या पानावरच्या ओळींचे शेवट आणि उजव्या पानावरच्या ओळींची सुरुवात खाचेत जाते. दुसऱ्या कादंबरीत एखादं अक्षर गेलं तर अंदाजाने वाचता आलं असतं. इथे लुसिया आणि तिचा मित्र जॉर्जी एकमेकांशी लाडात, बोबडं इंग्रजी बोलतात, मध्येच मोडकी इटालियन घुसवतात. शब्द अर्धवट दिसला की तो बोबडा आहे की टाक्यात गेलाय, हेच कळत नाही. दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक फाकवून धरावं लागतं, अर्ध्या तासात मनगट दुखतं. हजारावर पानांच्या पुस्तकाला एवढा चिंचोळा समास ठेवणाऱ्याने ते स्वतः एकदा तरी वाचून बघायला हवं होतं.

‘मिस मॅप’मध्ये लुसिया नाहीच, आहे ती टिलिंग गावातली मिस मॅप, तिथे मी महिनाभर रेंगाळले. मला तारून नेलं मेजर बेंजीने. हिंदुस्थानातल्या लष्करी नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस इंग्लंडमध्ये बसूनही मोलकरणीला ‘कोई है’ अशी हाक मारतो आणि वाघांच्या गोष्टी सांगतो. ‘लुसिया इन लंडन’ मी भराभर संपवलं.

पण ‘मॅप अँड लुसिया’! विधवा लुसिया टिलिंगला येते, मॅपचंच घर भाड्याने घेते, आणि दोघी समोरासमोर उभ्या ठाकतात. लुसिया लॉबस्टरची पाककृती कोणाला देत नाही. मॅप ती चोरून उतरवायला तिच्या स्वयंपाकघरात शिरते, त्याच वेळी बांध फुटतो आणि उलट्या झालेल्या टेबलावर बसून दोघी समुद्रात वाहून जातात. मेतकुटाचं प्रमाण विचारलं की “अंदाजाने घालते गं” म्हणणाऱ्या मावश्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे प्रकरण वेगळं समजवावं लागणार नाही.

टिलिंग म्हणजे खरं तर इंग्लंडच्या ससेक्समधलं राय हे गाव. बेन्सन तिथे लॅम्ब हाउसमध्ये राहायचा, त्याच्या आधी तिथे कादंबरीकार हेन्री जेम्स राहत होता. १९३४ ते ३७ बेन्सन रायचा महापौर होता, आणि शेवटच्या पुस्तकात लुसिया टिलिंगची महापौर. मॅप ज्या खिडकीत बसून रस्त्यावर नजर ठेवते, ती बागेतली खोली खरोखर होती. १९४० साली बॉम्ब पडून ती गेली. बेन्सन त्याच वर्षी, काही महिने आधी, वारला होता. हे कळल्यावर मी ते खिडकीचं प्रकरण परत वाचलं आणि खरंच गलबलून आलं.

पैशांचं सांगायचं तर बेन्सनला जाऊन साठ वर्षं कधीच उलटली, त्यामुळे आपल्या भारतीय कायद्याने ही पुस्तकं २००१पासून कॉपीराइटमधून मुक्त आहेत. ‘क्वीन लुसिया’ फोनवर फुकट वाचा. गुरूच्या प्रकरणांपर्यंत पोचा, त्याआधी मत बनवू नका. हे मला जूनमध्ये कोणी सांगितलं असतं तर अकराशे पन्नास अधिक एकशे ऐंशी वाचले असते.

कादंबऱ्यांना पाच तारे, या छपाईला एक. दुसरी प्रत घेणार आहे, पण दुकानात जाऊन, हातात धरून. कण्याच्या वरच्या टोकाला पानांचे घडी घातलेले गठ्ठे वेगवेगळे दिसले तर फॉर्म आहेत, शिलाई आहे. सपाट, चकचकीत गोंद दिसला तर तिथेच ठेवून यायचं.