शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडला घर मिळवून देणारे केंद्र : आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या मार्चमध्ये आम्ही मँचेस्टरजवळच्या एका स्वयंसेवी केंद्रातून शर्यतीतून निवृत्त झालेली, चार वर्षे वयाची, ग्रेहाउंड जातीची कुत्री दत्तक घेतली. हा अभिप्राय त्या केंद्राच्या सेवेविषयी आहे. तो लिहिण्यासाठी मी मुद्दाम आठ महिने थांबले, कारण अशा केंद्राची कसोटी कुत्री आपल्या हवाली करण्याच्या दिवशी लागत नाही. ती पहिल्या रात्री, पहिल्या गुरगुरण्याच्या वेळी आणि व्हेटच्या (पशुवैद्याच्या) पहिल्या मोठ्या बिलाच्या वेळी लागते. आमच्या बाबतीत हे तिन्ही प्रसंग आले.

ज्यांना या प्राण्यांची पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. लंबगोल धावपट्टीवर यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याची ब्रिटनमधील पहिली शर्यत आमच्याच मँचेस्टर शहरातील बेल व्ह्यू येथे 24 जुलै 1926 रोजी झाली, आणि 2020 मध्ये त्या मैदानावरील शर्यती कायमच्या थांबल्या. इतरत्र त्या अजून चालतात. येथे धावणारे बहुतेक ग्रेहाउंड आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात आणि साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात, दुखापतीमुळे किंवा वेग कमी झाल्यामुळे, त्यांचे धावणे संपते. पुढे त्यांचे निम्म्याहून अधिक आयुष्य उरलेले असते. तोपर्यंत ते केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठडीत, बहुधा दुसऱ्या एका कुत्र्याच्या सोबतीने राहिलेले असतात. त्यांनी जिना पाहिलेला नसतो, काचेचे दार पाहिलेले नसते, धुण्याचे यंत्र ऐकलेले नसते, आणि घरात एकटे राहणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून वयाने प्रौढ असूनही घराच्या बाबतीत हा प्राणी अगदी नवखा असतो, आणि त्याला घर शिकवणे हे काम केंद्र आणि कुटुंब यांनी मिळून करायचे असते.

केंद्राचा सर्वांत मोठा गुण मला त्यांच्या नकारात दिसला. छायाचित्रे पाहून आम्ही एक काळा, देखणा, तीन वर्षांचा नर पसंत केला होता. घराची पाहणी करायला आलेल्या समन्वयक बाईंनी शेजारच्या दोन मांजरी पाहिल्या, आमच्या मागच्या अंगणाचे जेमतेम चार फुटी कुंपण पाहिले आणि हा कुत्रा तुम्हाला देता येणार नाही असे तिथल्या तिथे स्पष्ट सांगितले. केंद्रात प्रत्येक कुत्र्याला मांजराच्या जवळून नेऊन त्याचे वागणे पाहतात, आणि त्या नराची नजर मांजरावरून हटली नव्हती. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिने त्याचे नावही ठरवून ठेवले होते. त्या संध्याकाळी मी केंद्राला जी ईमेल लिहिली ती रागाची होती, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. त्या ईमेलला आलेले उत्तर शांत होते, आणि त्यात कुंपण किमान पाच फूट करून घ्या, आम्ही तुमच्यासाठी शोधत आहोत, एवढेच होते. पाच आठवड्यांनी त्यांनी पर्लला, म्हणजे आज आमच्याकडे असलेल्या कुत्रीला, तासाभरासाठी आमच्या घरी आणले. मुलगी जवळ असताना ती कशी उभी राहते, कान कुठे ठेवते, खोलीतून निघून जाण्याची वाट शोधते का, हे सर्व त्या बाई एका कोपऱ्यात बसून पाहत होत्या. आज आमच्या घरात जी शांतता आहे तिचे श्रेय मी प्रथम त्या नकाराला देते.

पर्लसोबत केंद्राने मान रुंद झाकणारा चामडी पट्टा, प्लास्टिकचे जाळीदार मुसके, एक पावसाळी कोट, चार दिवसांचे नेहमीचे खाद्य आणि एक पुस्तिका दिली. नसबंदी, लसीकरण आणि मायक्रोचिप आधीच झालेले होते. देणगी म्हणून जी रक्कम घेतली ती या सर्वांचा विचार करता वाजवी होती. रुंद पट्ट्याचे कारण त्यांनी कुत्रीच्या मानेवर हात ठेवूनच समजावले : ग्रेहाउंडचे डोके मानेपेक्षा निमुळते असते, त्यामुळे साधा पट्टा तिने मागे पाऊल टाकताच डोक्यावरून निसटतो. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी वापरू नका हेही त्यांनी बजावले, कारण ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग काही झेपांत गाठणारा प्राणी त्या दोरीच्या टोकाला पोहोचला तर त्याच्या मानेला गंभीर इजा होऊ शकते. मुसके पाहून आमच्या गल्लीतील काही लोक रस्ता बदलत, आणि त्याचे मला वाईट वाटे. मात्र शर्यतीतील प्रत्येक ग्रेहाउंडला मुसके घालण्याची सवय असते, पर्लला त्यात शिक्षेसारखे काहीच वाटत नव्हते, आणि पहिल्या काही आठवड्यांत समोरून एखादे छोटे केसाळ कुत्रे आले की त्या मुसक्यामुळेच मी निश्चिंत उभी राहू शकत असे.

झोपेचा विषय मी थोडा विस्ताराने सांगते, कारण लहान मुले असलेल्या घरांनी तो नीट समजून घ्यायला हवा. ग्रेहाउंड पुष्कळ झोपतात, आणि कधीकधी डोळे उघडे ठेवून झोपतात. केनेलमध्ये झोपलेल्या कुत्र्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावत नाही. घरात एखादे मूल प्रेमाने येऊन गळ्यात पडते, तेव्हा तो दचकून, पुरता जागा होण्याआधीच, गुरगुरतो किंवा तोंड फिरवून चावा घेऊ शकतो. केंद्राच्या एका स्वयंसेवकांनी घरपाहणीच्या वेळी माझ्या मुलीला वेगळे बसवून हे समजावले होते, आणि आधी नाव घ्यायचे, कुत्रीने मान उचलली की मगच जवळ जायचे, हा नियम तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. तरीही दहाव्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती नियम विसरली. पर्ल दात दाखवून गुरगुरली, मुलगी रडली, आणि माझ्या मनात पहिल्यांदा कुत्री परत करण्याचा विचार आला. रात्री साडेनऊला मी केंद्राच्या मदतक्रमांकावर फोन केला. समोरच्या बाईंनी मला एकदाही दोष दिला नाही आणि कुत्रीची बाजूही सोडली नाही. गुरगुरणे ही तिने दिलेली सूचना आहे, त्यासाठी तिला रागावलात तर पुढच्या वेळी ती सूचना न देता चावेल, असे त्यांनी सांगितले. गादी येण्याजाण्याच्या वाटेवरून उचलून खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि त्या कोपऱ्यात मुलीने जायचे नाही असे ठरवा, हा त्यांचा सल्ला आम्ही त्याच रात्री अमलात आणला. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने त्यांचा स्वतःहून फोन आला. त्यानंतर तसा प्रसंग घडलेला नाही. आता मुलगी दारातूनच नाव घेते, पर्ल आधी शेपटी हलवते आणि मग मान उचलते.

आमच्या घरातील दुसरी अडचण केंद्राच्या पुस्तिकेत असणे शक्य नव्हते, ती म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. पहिल्या शिट्टीला पर्ल स्वयंपाकघरातून पळाली आणि न्हाणीघरात जाऊन थरथरत उभी राहिली. पुढचे दोन दिवस तिने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला नाही. मी हे फोनवर सांगितले तेव्हा त्या बाईंनी कुकर म्हणजे काय, शिट्टी किती वेळा होते, किती मोठी असते हे सर्व आधी विचारून घेतले. मग त्यांनी शिट्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला लावली. ती अगदी हळू आवाजात लावायची, लगेच चीजचा बारीक तुकडा द्यायचा, आणि तिने कान टवकारणे सोडले की मगच आवाज एका पायरीने वाढवायचा. या सरावाला सुमारे तीन आठवडे लागले. तोपर्यंत वरण-भाताचा कुकर मी पर्ल माझ्या पतींबरोबर फिरायला गेल्यावरच लावत असे. आज शिट्टी झाली की ती स्वतःहून ओट्याजवळ येऊन उभी राहते. स्वतःला अपरिचित असलेल्या घराची रीत समजून घेऊन उपाय सुचवणे ही बाब मला या सेवेत विशेष मोलाची वाटली.

फिरायला नेताना ती मध्येच थबकून पुतळ्यासारखी उभी राहणे, एकटे राहण्याचा सराव एका मिनिटापासून सुरू करणे, काचेच्या दारावर तिच्या डोळ्यांच्या उंचीला कागदी पट्ट्या चिकटवणे, या गोष्टींबाबत पुस्तिकेतील सूचना नेमक्या आणि उपयोगी आहेत. खाण्याच्या यादीत कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना घातक असल्याचे ठळक छापले आहे. आपल्या घरांत याचा अर्थ आमटी-भाजीचा उरलेला घास नाही आणि गणपतीत बेदाणे घातलेला मोदक किंवा लाडू तर मुळीच नाही, असा होतो. तो अर्थ पाहुण्यांना प्रत्येक वेळी सांगावा लागतो.

याखेरीज व्हेटला देण्यासाठी एक पानी पत्रक मिळते, आणि ते अत्यंत उपयोगी आहे. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असते, थायरॉइडच्या चाचणीचा आकडा मुळातच कमी येतो, आणि काही प्रकारची भूल त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरते. या जातीची सवय नसलेला डॉक्टर निरोगी कुत्र्याला थायरॉइडची गोळी सुरू करण्याची शक्यता असते. आमच्या व्हेटने ते पत्रक वाचले आणि पर्लच्या नोंदीत जोडून ठेवले.

आता उणिवा सांगते. पहिली दातांची. मऊ, भिजवलेल्या खाद्यावर वाढल्यामुळे शर्यतीच्या कुत्र्यांचे दात आणि हिरड्या पुष्कळदा खराब असतात. नसबंदीच्या वेळी दात साफ केले आहेत, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले होते. दोन महिन्यांनी तोंडाला वास येऊ लागला, तपासणीत सहा दात काढावे लागले, आणि तो खर्च आम्ही दिलेल्या देणगीच्या कितीतरी पट झाला. केंद्राने दिलगिरी व्यक्त केली, परंतु दातांची लेखी नोंद त्यांच्याकडे नव्हती. खर्च करायला आमची ना नव्हती, तो आधी कळला असता तर आम्ही त्याची तयारी ठेवली असती.

दुसरी उणीव जिन्याची. पुस्तिकेत जिना अपरिचित असू शकतो एवढे एकच वाक्य आहे. चौथ्या दिवशी पर्ल मुलीच्या मागे वर चढली आणि वर पोहोचल्यावर खाली पाहून भीतीने थिजली. सत्तावीस किलोच्या, लांब पायांच्या, घाबरलेल्या कुत्रीला दोघांनी मिळून खाली उचलून आणणे तिच्यासाठी आणि आमच्यासाठीही धोक्याचे होते. एक जण पुढे, एक जण मागे राहून एकेक पाय पायरीवर ठेवून देण्याची पद्धत आम्हाला नंतर फोनवर कळली. ती केंद्राने घरपाहणीच्या दिवशीच करून दाखवायला हवी. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय घसरतात, तेथे सतरंज्या अंथराव्या लागतात, हेही आम्हाला अनुभवानेच समजले.

मे महिन्यात सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर धनगरांच्या वाड्याबरोबर कारवानी कुत्री येत, तशीच निमुळत्या तोंडाची, खोल छातीची आणि आत ओढलेल्या पोटाची. त्यामुळे पर्लचा बारीक बांधा पाहून तिला उपाशी ठेवता का, असे विचारणाऱ्या आमच्या इतर पाहुण्यांसारखा प्रश्न त्यांना पडला नाही. पर्ल म्हणजे मोती, असे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव बदलले आणि ती त्या नावालाही येऊ लागली. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, कातडी पातळ असते आणि कोपरांची हाडे टोचतात, म्हणून केंद्राने जाड गादी सुचवली होती. बाजारातील दोन गाद्या पर्लने नाकारल्या. सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांची सात पदरी गोधडी शिवली आणि त्या दिवसापासून ती दुसरीकडे झोपलेली नाही. दिवाळी आणि 5 नोव्हेंबरच्या ‘गाय फॉक्स नाइट’ या ब्रिटिश सणाची आतषबाजी येथे जवळजवळ येतात. त्या रात्री आम्ही पडदे ओढून, रेडिओ लावून, गोधडी जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवली आणि ती तेथे झोपून राहिली. कोनाड्याची कल्पनाही केंद्राची होती, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच त्यांनी त्याविषयी सर्व कुटुंबांना पत्र पाठवले होते.

दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी, किंवा कुत्र्याला मोकळे सोडून टेकड्यांवर फिरण्याची आवड असणाऱ्यांनी येथे अर्ज करू नये. ससा दिसला की ग्रेहाउंड हाक ऐकत नाही, म्हणून त्याला फक्त पूर्ण बंदिस्त मैदानातच सोडता येते, आणि अशी मैदाने तासावर भाड्याने घ्यावी लागतात. घरात सकाळ-संध्याकाळ कोणीतरी असेल, कुंपण उंच करण्याची तयारी असेल आणि पहिले तीन महिने धीर धरता येत असेल, तर या केंद्राकडे जाण्याचा सल्ला मी निःसंकोच देईन. करारानुसार काही कारणाने कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो आयुष्यात कधीही केंद्राकडेच परत जातो, इतर कोणाला देता येत नाही. ती अट मला बंधनापेक्षा आधार वाटते.

वर्षपूर्तीची भेट येत्या मार्चमध्ये आहे. दातांची लेखी नोंद आणि जिन्याचे प्रात्यक्षिक या दोन्ही सूचना मी त्या वेळी लेखी देणार आहे. आम्हाला नाकारलेला तो काळा नर जूनमध्ये मांजरे नसलेल्या एका घरी गेला, असे समन्वयक बाईंनी कळवले. त्याच्या रिकाम्या झालेल्या केनेलमध्ये आता आयर्लंडहून आलेली एक मादी आहे, आणि सासूबाईंनी सांगलीला परतण्यापूर्वी त्या केनेलमधील झोपायच्या फळीचे माप लिहून नेले आहे.