एलएफपी म्हणून घेतली, डब्यात निघाले लॅपटॉपचे जुने सेल

लिहायला लाज वाटतेय, कारण ओळखीत कुणालाही बॅटरीबद्दल काही विचारायचं असलं की फोन मलाच येतो. लेड-अ‍ॅसिड का नको, एनएमसी आणि एलएफपी या लिथियम बॅटरीच्या दोन जातींत फरक काय, सगळं तोंडपाठ. आणि गंडलो मीच. त्या भामट्याचा राग आहेच पण त्याहून जास्त स्वतःचा येतो.

माझ्या इलेक्ट्रिक मोटरसायकलची लेड-अ‍ॅसिड बॅटरी बसली. 72 व्होल्ट, मोटर 3 किलोवॅट. चार महिने वाचत होतो. लेड-अ‍ॅसिड परत घ्यायची नव्हती, ओझं वाहायचं आणि रोज पूर्ण उतरवली की काहीशे सायकलमध्ये (चार्ज करून उतरवायच्या फेऱ्यांमध्ये) मान टाकते. एनएमसी हलकी, तेवढ्याच वजनात रेंज जास्त, पण बिघडली तर एलएफपीपेक्षा लवकर आणि जोरात पेटते. गाडी रात्री जिन्याखाली चार्जिंगला लागणार, वर घरातली माणसं झोपलेली, त्यामुळे ठरवलं की थोडी जड झाली तरी चालेल पण एलएफपीच. हा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. जे निवडलं ते मिळालं नाही, एवढंच.

जाहिरातीत मोठे चौकोनी सेल, प्रत्येकावर क्यूआर कोड, 'ग्रेड ए', सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) 24, क्षमता 40 एएच (अँपिअर-अवर). माणूस फोनवर इतकं गोड आणि मुद्द्याचं बोलायचा की मी उलट खूश, म्हटलं याला बीएमएसमधलं (सेल जास्त चार्ज होऊ न देणारं, बॅटरी सांभाळणारं सर्किट) कळतं. 60 टक्के आगाऊ, 30 टक्के पाठवताना, 10 टक्के हातात पडल्यावर. एकूण माझे अडीच पगार. शेवटचे 10 टक्के तरी माझ्या हातात होते ना, तेही मी डबा उघडायच्या आधी पाठवून वर 'थँक यू' लिहिलं.

डबा आला तेव्हा मी तो एका हाताने उचलून जिना चढलो. एका हाताने! 24 एलएफपी सेल म्हणजे प्रत्येकी 3.2 ने 76.8 व्होल्ट, गुणिले 40 एएच, तीन किलोवॅट-अवरच्या वर. नुसते सेलच 20 किलोच्या आसपास भरायला हवेत, वर डबा, वायरी वेगळं. माझा डबा सगळ्यासकट 12.4 किलो, आणि हे मी मोजलं कधी, तर महिन्याभराने. वजनकाटा घरात होता हो. बॅटरी घेताना बाकी काही नका करू पण आधी काट्यावर ठेवा, वजन खोटं बोलत नाही (कमी असेल तर, जास्त असेल तर डब्यात काहीही भरलेलं असू शकतं).

चार्जरवर 84 व्होल्ट लिहिलेलं. इथे मात्र मी विचारलं होतं, अगदीच बावळट नाही मी. 24 एलएफपी सेलना प्रत्येकी 3.65 व्होल्टने 87.6 लागतात, 84 का? तो म्हणाला, "सर, मुद्दाम कमी ठेवलंय, सेलचं आयुष्य वाढतं." आता यातली गंमत बघा, हे खोटं नाहीये. 84 भागिले 24 म्हणजे 3.5, एलएफपी तेवढ्यावर थांबवली तर काही बिघडत नाही. पण 84 म्हणजेच 20 गुणिले 4.2, म्हणजे फुल चार्ज झालेल्या 20 एनएमसी सेलचा सरळ आकडा! खरं उत्तर देऊन खोटा माल विकला त्याने.

आणि आता ती सकाळ, जी आठवली की अजून झोप उडते. रात्री फुल चार्ज करून चार्जर काढला, सकाळी सहज मल्टिमीटर लावला तर 83.6. मी बायकोला हाक मारून दाखवलं, बघ कशी धरून ठेवलीये. अरे गाढवा, एलएफपी चार्जिंगचा व्होल्टेज धरून ठेवतच नाही! चार्जर काढला की सेल 3.3-3.35 वर येऊन बसतो, म्हणजे 24 सेलची बॅटरी सकाळी 80 च्या आसपास दिसायला हवी. 83.6 वर बसणारी एनएमसी किंवा तिच्यासारखी 4.2 व्होल्टचीच. हे मला माहीत होतं, दुसऱ्यांना सांगितलंय मी. पण पैसे दिलेले, आकडा मोठा दिसत होता, आणि मोठा आकडा बघून कुणाला वाईट वाटतं?

पहिल्याच आठवड्यात 22 किलोमीटरवर गाडी बंद. मला 75 तरी अपेक्षित होते. चढावर पिळलं की कट. तो म्हणे बीएमएस अजून सेट होतंय, दहा सायकल थांबा. थांबलो. अकराव्या सायकलला त्याचा फोन बंद.

डब्यावर स्टिकर होतं, 'सील तोडल्यास वॉरंटी संपेल'. त्या स्टिकरला घाबरून मी महिना घालवला. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने सिलिकॉन कापलं. आत बोटाएवढे 18650 सेल (18 मिमी जाड, 65 मिमी लांब गोल), 20 सिरीज, प्रत्येक जागी 8 पॅरलल (शेजारी शेजारी जोडलेले), 160 नग, आणि तळाला वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी. वरचं निळं प्लास्टिक नवं कोरं, पण टोकांवर जुन्या वेल्डिंगचे ओरखडे, जुनी निकेल पट्टी उपटून परत मारलेली. हळूहळू उतरवून मोजलं, 40 नाही, 13 एएच. मोटर पूर्ण ताकदीने 40 च्या वर अँपिअर ओढते, म्हणजे एकेका म्हाताऱ्या लॅपटॉप सेलवर पाच. मेकॅनिक म्हणाला, "नशीब समजा, 87.6 चा चार्जर नाही लावलात." तो मी ऑर्डर करणार होतो. 20 सेलवर प्रत्येकी 4.38, मध्ये आडवा फक्त तो भिकार बीएमएस, आणि जिन्याखाली.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "बॅटरी मिळाली ना? मग फसवणूक कसली?" म्हटलं साहेब रसायन वेगळं आहे. "गाडी चालते का?" चालते, 22 किलोमीटर. "मग चालते ना." दुसऱ्या टेबलावर सांगितलं हा दिवाणी मामला, तिसऱ्याने विचारलं सील कोणी तोडलं. मी तोडलं म्हटल्यावर पेनच खाली ठेवलं त्याने. न तोडता आतलं कसं कळणार होतं, एक्स-रे काढू? बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. जिथे जाहिरात होती ते म्हणतात व्यवहार आमच्याबाहेर झाला. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा, आणि पत्ता असता तर मी तक्रार करत बसलो असतो का! पाच वेळा खेटे, प्रत्येक वेळी नव्या माणसाला सिरीज-पॅरलल समजावून सांगायचं.

उघडायला नाही म्हणणाऱ्याकडून बॅटरी घेऊ नका. सेलचा फोटो नको, तुमच्याच पॅकचा, डबा बंद करण्याआधीचा, काट्यावर ठेवलेला व्हिडिओ मागा. 18650 वर 5000-9900 एमएएच लिहिलेलं दिसलं तर तिथूनच वळा, त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारच्या आसपास मावतं. एएच लोडवर मोजून दाखवायला सांगा आणि तोपर्यंत अर्धे पैसे हातात ठेवा, माझ्यासारखे 10 टक्के नाही.

भंगारवाला त्या डब्याला हात लावत नाही, पेटेल म्हणतो. टाकावा तर ठाण्यातून सांगितलंय पुरावा आहे, जपून ठेवा. तक्रार अजून नोंदवलेली नाही, पुरावा मात्र जपायचाय. तेव्हा अंगणात, भिंतीपासून लांब, वाळू भरलेल्या पत्र्याच्या पिंपात ठेवलाय, आणि रोज रात्री झोपण्याआधी जाऊन हात लावून बघतो गरम झालाय का.