हजेरीपट द्यायचा की ओपीडीचं रजिस्टर?

कारखान्यातल्या आजारपणाची माहिती साथरोग सर्वेक्षणाला, म्हणजे साथींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, द्यायची ठरली, की बहुतेकांचा हात आधी हजेरीपटाकडे जातो. तो रोज भरला जातो, एचआरकडे तयार असतो, डॉक्टरांना विचारावंही लागत नाही.

पण गैरहजेरीला कारण लिहिलेलं नसतं. गणपतीत कोकणातली माणसं गावी गेली की निम्मी लाइन रिकामी, आणि आलेख बघणाऱ्याला वाटावं साथ आली! उलट कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा सहसा मिळत नाही, त्यामुळे तो ताप अंगावर काढत कामावर येतो. त्याचं नाव तर ठेकेदाराच्या मस्टरवर. म्हणजे जिथे आजार जास्त, तिथेच हजेरी पूर्ण.

कारखान्याच्या दवाखान्यातलं ओपीडीचं रजिस्टर दिसायला गबाळं: टोकन नंबर, ‘ताप, अंगदुखी’, पॅरासिटामॉल. तरी माझं मत त्यालाच. पेंट शॉपमधले चौघं दोन दिवसांत तापाने आले, तर ते इथे लगेच दिसतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्यामुळे घरच्या पिंपाइतकाच भंगाराच्या ढिगावरच्या ताडपत्रीत साचलेल्या पाण्याचाही संशय घ्यावा लागतो. विभाग आणि राहण्याची वस्ती, दोन्ही रकाने हवेत. वस्तीचा रकाना सहसा नसतोच. आधी तो आखून घ्या.

2004 साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात लक्षणांसाठी ‘एस’, डॉक्टरांच्या अंदाजी निदानासाठी ‘पी’ आणि प्रयोगशाळेने पक्क्या केलेल्या रुग्णांसाठी ‘एल’ असे फॉर्म आहेत. डॉक्टर असलेल्या दवाखान्याची माहिती ‘पी’त बसते. झटपट होणारी कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून डेंग्यू पक्का धरू नका. त्याला एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी लागते.

वार्षिक तपासणीच्या फायली साथीसाठी निरुपयोगी. सिलिकोसिससारख्या (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार) सावकाश वाढणाऱ्या आजारात मात्र वर्षानुवर्षांचे एक्स-रे आणि फुप्फुसाच्या चाचण्याच कामाला येतात.

तापाच्या रोजच्या आकड्यांना नावं लागत नाहीत, देऊही नका. क्षयरोगाचं वेगळं: 2012 पासून त्याची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि ती निक्षय या सरकारी पोर्टलवर नावानिशी होते. ते नाव एचआरच्या टेबलावर पोचता कामा नये. नोकरी जाईल या धास्तीने माणसं दवाखान्यात यायची थांबली, की रजिस्टर कोरं राहतं आणि सगळ्यांना वाटतं, यंदा बरं चाललंय.

युनिट लहान असेल, डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत असेल, तर हजेरीपटच घ्या. फक्त कामावर परतणाऱ्याला सुपरवायझरने एवढंच विचारावं, ‘ताप होता का?’ आणि हो-नाही लिहून ठेवावं.